मी नसलेल्या दिवसांचं अक्षर

आठवा महिना लागला त्याच आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं, "मॅडम, पंधरा दिवसांत चार्ज द्या. तोंडी काही ठेवायचं नाही. तुमच्या डोक्यात जे आहे ते सगळं कागदावर आलं पाहिजे."

मी उठायला लागले तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि परत याल ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण ती ऐकल्याची होती, पटल्याची नव्हती.

जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत मी उगवण तपासायचं काम करते. कापसाच्या बियाण्याचे लॉट येतात, प्रत्येक लॉटमधलं थोडं बी पिशवीत घालून माझ्या टेबलावर येतं, आणि त्यातलं किती उगवतं ते मी सांगायचं. ओल्या जाड कागदावर पन्नास पन्नास बिया ओळीत मांडायच्या, वरून दुसरा कागद झाकायचा, गुंडाळी करायची, लेबल लावायचं आणि उगवणीच्या खोलीत उभी करून ठेवायची. शाई ओलीत फुटते, म्हणून लेबल पेन्सिलने. चौथ्या दिवशी पहिली मोजणी, बाराव्या दिवशी शेवटची. माझ्या आकड्यावर लॉट बाजारात जातो किंवा गोदामात थांबतो.

उगवणीच्या खोलीला खिडकी नाही. दारात तोंडाच्या उंचीवर वहीच्या पानाएवढी काच आहे, तेवढीच. बाहेर एप्रिलचं ऊन भाजत असतं तेव्हाही आत ओलसर, कोमट हवा असते, भिंतींना घाम आलेला असतो. आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि थोडा वेळ काही दिसत नाही. त्या वेळात फक्त पंख्याची घरघर आणि कुठेतरी थेंब पडल्याचा आवाज येतो. सात वर्षं मी त्या खोलीत जात-येत होते. भीती अशी कधी वाटली नव्हती.

माझ्या जागी परतूरच्या केंद्रावरून एक सहकारी आले. तिथे ते बी सुकवायचं आणि चाळायचं काम बघायचे. माझ्याच वयाचे, दोन मुलांचे वडील, शिस्तीचे. पहिल्याच दिवशी त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "रोप चांगलं की वाईट, हे कशावरून ठरवायचं?" मी सांगायला लागले. मुळाचं टोक, देठ, पानांची जोडी. एका रोपावर बोट ठेवून मी म्हटलं, "हे वाईट." ते म्हणाले, "पण मॅडम, हे तर तुम्ही आत्ता सांगितलं तसंच आहे." हाताला कळत होतं, तोंडाला सांगता येत नव्हतं.

तिसरं माणूस म्हणजे मदतनीस मावशी. हसनाबादकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. कागद भिजवणं, ट्रे धुणं, मी मोजून वेगळी केलेली रोपं बादलीत टाकणं हे त्यांचं काम. मी लागले त्याच्याही आधीपासून त्या तिथे होत्या. दुसरीतून शाळा सुटलेली. पगारपत्रकावर अंगठा लावायच्या.

चार्ज द्यायचा तर आधी चालू सँपलांची यादी हवी. सोमवारी सकाळी मी रजिस्टर घेऊन बसले. एकेचाळीस लॉट चालू होते. मग आत जाऊन मांडणीवर मोजले, तर चव्वेचाळीस भरले. पुन्हा मोजले, पुन्हा चव्वेचाळीस. परतूरच्या सहकाऱ्यांना मोजायला लावलं. ते बाहेर येऊन चष्मा पुसत म्हणाले, "चव्वेचाळीस."

तीन जादा लॉटच्या गुंडाळ्या मी टेबलावर आणल्या. लेबलवर लॉट नंबर बरोबर होते, त्या नंबरच्या पिशव्या कपाटात होत्या. कोपऱ्यात माझी आद्याक्षरं होती. अक्षर माझं होतं. शून्य जरा उभट, चारचं पोट उघडं, आद्याक्षरांखाली एक छोटी तिरकी रेघ, जी मी का मारते ते मलाही माहीत नाही.

तारीख आदल्या गुरुवारची होती. गुरुवारी मी सोनोग्राफीला गेले होते. दिवसभर कंपनीत पाऊल टाकलं नव्हतं.

हजेरीच्या मशीनवर जाऊन पाहिलं. गुरुवारी रजा. माझा अंगठा त्या दिवशी कुठेच लागलेला नव्हता.

ते महिने विसरण्याचे होते, हे खरं. मी घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली होती, एकदा दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून ऑफिसला आले होते. संध्याकाळी नवऱ्याला मोबाइलवर लेबलचा फोटो दाखवला. काय झालं ते मुद्दाम सांगितलं नाही, फक्त विचारलं, "हे अक्षर कोणाचं?"

त्याने एक क्षणही लावला नाही. "तुझं. का?"

"मी त्या दिवशी तिथे नव्हते."

तो हसला. "तारीख चुकीची घातली असशील. दुसऱ्या दिवशी लिहिलं असशील. या दिवसांत होतं असं."

तसं असेल, असं मीही स्वतःला सांगितलं. पण तीन लॉट म्हणजे चोवीस गुंडाळ्या. बाराशे बिया एकेक करून ओळीत मांडायच्या, हे माणूस करून विसरत नाही. आणि विसरत असेल, तर मी आणखी काय काय केलं होतं?

साहेबांना सांगायची हिंमत झाली नाही. "परत याल ना" असं ज्यांनी विचारलं होतं, त्यांना मी कसं सांगणार, की माझ्या अक्षरात कुणीतरी लेबलं लिहितंय आणि ती मीच असेन तर मला आठवत नाही. मी तीन लॉट रजिस्टरमध्ये चढवले.

बुधवारी एक युक्ती केली. त्या दिवशी लिहिलेल्या प्रत्येक लेबलवर, लॉट नंबरच्या शेवटच्या आकड्याखाली, पेन्सिलचा बारीक ठिपका दिला. कुणाला सांगितलं नाही. दुपारी जेवण झाल्यावर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे महिलांच्या खोलीत अर्धा तास डाव्या कुशीवर आडवी झाले. जाताना टेबलावर एक पिशवी उरली होती. ती उद्या सकाळी करू, असं ठरवून गेले.

अर्ध्या तासाचा दीड तास झाला. उठले तेव्हा तोंडाला कोरड पडली होती. परत आले तर टेबल रिकामं होतं. पिशवी कपाटात गेली होती. आत मांडणीवर आठ गुंडाळ्या ओळीने उभ्या होत्या, लेबल माझ्या अक्षरात. मी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. शेवटच्या आकड्याखाली ठिपका होता. आठही लेबलांवर.

मी तिथेच मांडणी धरून उभी राहिले. ठिपक्याची गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती. पोटात बाळ जोरात फिरलं. मी बाहेर आले आणि परतूरच्या सहकाऱ्यांना विचारलं, "मी झोपून उठल्यावर आधी इकडे आले होते का? म्हणजे, आत्ता यायच्या आधी?"

ते गोंधळले. "मी तर दुपारभर गोदामात होतो, मॅडम. का?"

"काही नाही."

मावशी नळाखाली ट्रे धूत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

त्या रात्री आईचा कुंभार पिंपळगावहून फोन आला, मी तिला काही सांगितलं नाही. आठव्यात मन असं होतंच, एवढंच ती म्हणाली असती आणि दृष्ट काढायला इकडे आली असती. मला दृष्ट काढून नको होती. मला माझ्या हातावर विश्वास हवा होता.

उलगडा झाला तो शुक्रवारी, माझ्याच एका चुकीमुळे. सकाळी एका लेबलवर महिन्याचा आकडा चुकला. मी तो आडव्या रेघेने खोडला आणि वर बरोबर आकडा लिहिला. दुपारी पुन्हा आडवी झाले. परत आले तेव्हा एक नवा लॉट मांडलेला होता आणि त्याच्या आठही लेबलांवर आधी चुकीचा महिना लिहून, आडव्या रेघेने खोडून, वर बरोबर आकडा लिहिलेला होता.

मी ती आठही लेबलं शेजारी शेजारी धरली. मी असेन तर तीच चूक आठ वेळा कशाला करीन? हे लिहिणारं माणूस वाचत नव्हतं. ते चित्र काढत होतं. ठिपका दिसला की ठिपका, खोडलेलं दिसलं की खोडलेलं.

सोमवारी मी सगळ्यांसमोर सांगितलं, की दवाखान्यात जाते, जेवणानंतर येईन. गेटबाहेर पडून समोरच्या रसवंतीत तासभर बसले आणि मागच्या बाजूने आत आले. पायऱ्या चढताना धाप लागत होती. माझ्या टेबलाजवळ कुणी नव्हतं. उगवणीच्या खोलीचं दार बंद होतं, आत दिवा होता. मी काचेला डोळे लावले.

आत मी बसले होते.

म्हणजे मला पहिल्यांदा तसंच दिसलं. काचेवर आतून वाफ होती. माझा पांढरा ॲप्रन, माझं स्टूल, पाय जरा फाकवून ठेवलेले, डावा हात मागे कमरेवर, मान उजवीकडे कललेली. गेले तीन महिने मी अशीच बसत होते, कारण तसं बसल्याशिवाय पाठ दुखायची. त्या बाईचं पोट पुढे काढलेलं होतं. थोडं लिहून झालं की ती डाव्या हाताने कमर दाबायची, श्वास सोडायची आणि परत लिहायची. मी दार उघडू शकले नाही. किती वेळ तशी उभी होते, माहीत नाही. मग ती बाई लेबल उजेडाला धरून पाहायला वळली आणि ॲप्रनच्या खाली मावशींच्या लुगड्याचा हिरवा काठ दिसला.

मी दार ढकललं. मावशी दचकल्या नाहीत. हळूच उठल्या, ॲप्रन काढून त्याची घडी घातली आणि स्टुलावर ठेवली.

"बसा म्याडम," त्या म्हणाल्या. "उभं राहू नका."

मी बसले. स्टूल कोमट होतं.

"केव्हापासून, मावशी?"

"गुढीपाडव्याच्या आधीपासून. तुमाला झोप लागायची. पिशव्या पडून राह्यच्या. साहेब येऊन मोजायचे, किती राहिल्या म्हणून. मंग मी करून टाकायचे."

"पण तुम्हाला लिहिता येत नाही."

"न्हाईच येत. पिशवीवरचा नंबर बघायचा, बाकीचं तुमच्या कागदावरचं. तुमी नसल्या तर तारीख वॉचमनला विचारायची, तो क्यालेंडरावर बोट ठिवायचा. बघून बघून काढते."

"आणि असं का बसलात? माझ्यासारखं?"

मावशींनी थोडा विचार केला. त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. "तुमच्यासारखं बसल्याबिगर अक्षर तुमच्यासारखं येत न्हाई. सरळ बसून लई बार करून बघितलं. हात बराबर चालत न्हाई."

मी विचारलं, हे सगळं कशासाठी. त्या बादलीकडे बघत बोलल्या. "तुमच्या आधीच्या बाई बी अशाच गेल्त्या. बाळंतपणाला. जाताना त्यांचं लई काम बाकी राह्यलं. साहेबांनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. परत आल्या तवा त्या खुर्चीवर दुसरं माणूस होतं." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "ते माणूस तुमी होत्या."

मला हे माहीत नव्हतं. मी मुलाखत देऊन लागले होते. खुर्ची रिकामी आहे, एवढंच मला सांगितलं होतं.

"मोजण्या पण तुम्ही केल्या?"

"केल्या थोड्या. तुमी चांगलं, वाईट, मेलेलं असे तीन ढीग करता, मीच तर टाकते उचलून. इतक्या वर्साचं. किती भरले ते वॉचमनला सांगायचं, तो आकडा लिहून द्यायचा, तो बघून काढायचा."

आता मला दोन गोष्टी करता आल्या असत्या. गप्प बसून चार्ज देणं, किंवा सगळं सांगणं. मावशींनी चांगल्या मनाने केलं होतं, पण माझ्या आद्याक्षरांखाली दुसऱ्याचा आकडा म्हणजे खोटा कागदच. त्या आकड्यावर कुणीतरी जून महिन्यात सरी काढून बी टोकणार होतं. मी ठरवलं, आधी खरं काय ते पाहू. मावशींच्या हातचे अकरा लॉट निघाले; त्यातले जुने मी लेबल पाहून, माझेच समजून रजिस्टरमध्ये चढवले होते. ते सगळे मी परतूरच्या सहकाऱ्यांकडून, माझ्या नजरेखाली, नव्याने मांडून घेतले. चार्ज लांबला. डॉक्टर रागावल्या. मी बारा दिवस मागून घेतले.

दहा लॉटचे आकडे आधीच्या आकड्यांशी जुळले. अकराव्या लॉटची पहिली मोजणी मावशींची होती आणि शेवटची माझी. मावशींनी बरीच रोपं वाईट धरली होती, मी त्यातली चांगल्यात टाकून निकाल पास केला होता. नव्या मांडणीत सहकाऱ्यांनी पुस्तकातली चित्रं शेजारी ठेवून एकेक रोप तपासलं. त्यांचा आकडा मावशींच्या आकड्याजवळ गेला. लॉट नापास होता.

मी ती रोपं पुन्हा पुन्हा पाहिली. मुळाची टोकं तपकिरी, आखडलेली. ही मला दिसली कशी नाहीत? माझ्या मोजणीच्या कागदावर माझं अक्षर स्वच्छ होतं, सही ठसठशीत होती, आणि आकडा चुकीचा होता. इतके दिवस मी दुसऱ्या कुणाच्या तरी हाताला घाबरत होते.

त्या महिन्यातल्या माझ्या सगळ्या मोजण्या पुन्हा तपासाव्या लागणार होत्या. आणखी एक लॉट असाच निघाला. दोन्ही अजून गोदामात होते, बाहेर गेलेले नव्हते.

चार्जच्या टिपणात मी सगळं लिहिलं. कोणते लॉट मदतनीस मावशींनी मांडले, कोणत्या मोजण्या त्यांच्या आहेत, माझा कोणता निकाल चुकीचा होता. साहेबांनी टिपण दोनदा वाचलं.

"हे लिहून द्यायची काय गरज होती?" ते म्हणाले. "नुसतं फेरतपासणी लिहिलं असतं."

"तुम्हीच म्हणालात, तोंडी काही ठेवायचं नाही."

त्यांनी टिपण फाइलला लावलं. मग म्हणाले, "मावशींना गोदामात पाठवतो. तुमचं तुम्ही आल्यावर बघू."

शेवटच्या दिवशी मावशी गोदामाच्या दारात पोती मोजत उभ्या होत्या. मी त्यांच्या पाया पडायला वाकणार तर त्यांनी खांदे धरले. "वाकू नका आता," म्हणाल्या. "जल्दी घरी जा. ऊन झालं." माझ्या लिहिण्यामुळे त्या तिथे आल्या होत्या, हे त्यांना ठाऊक होतं.

जूनमध्ये कुंभार पिंपळगावला मला मुलगी झाली. बाळंतपणाच्या खोलीत, तिला पाजताना, एकदोनदा परतूरच्या सहकाऱ्यांचा फोन आला. मावशी गोदामात दोनच आठवडे राहिल्या होत्या. काम आवरेना म्हणून सहकाऱ्यांनीच साहेबांना सांगून त्यांना परत मागून घेतलं. आता त्यांच्या नावाने रीतसर नोंद होत होती. लेबलावर त्यांची स्वतःची आद्याक्षरं. ती सहकाऱ्यांनी त्यांना गिरवून शिकवली होती.

सहा महिन्यांनी मी कामावर गेले. साहेबांनी खुर्ची ठेवली होती, फक्त टेबल अर्धं झालं होतं. सहकारी आता कायमचे इथेच होते आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी रजिस्टर उघडलं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. ज्या दिवसांत मी शेकशेगडीजवळ बसून मुलीला तेल लावत होते, त्या सगळ्या दिवसांची पानं माझ्या अक्षरात भरलेली होती. उभट शून्य, पोट उघडं असलेला चार. खालची आद्याक्षरं तेवढी वेगळी, आणि त्यांच्याखालीही ती तिरकी रेघ.

"त्यांना सांगितलं होतं, तुमच्या स्वतःच्या अक्षरात लिहा," सहकारी म्हणाले. "त्या म्हणाल्या, हेच माझं आहे. दुसरं येत नाही."

मी पानं उलटत राहिले. कुठे माझं संपतं आणि कुठे त्यांचं सुरू होतं, हे तारखा पाहिल्याशिवाय सांगता येईना.

त्या दिवशी पहिलं लेबल लिहायला पेन्सिल उचलली आणि हात थांबला. मग मी ठरवून वेगळं लिहिलं. शून्य गोल काढला, चार वरून बंद केला, रेघ मारली नाही. आकडे लहान मुलाने काढल्यासारखे आले. मावशी भिजलेले कागद घेऊन आल्या आणि माझ्या खांद्यावरून पाहत राहिल्या. त्यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

"बदललं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी लेबल उचलून उजेडाला धरलं, बराच वेळ पाहिलं आणि परत ठेवलं. "याला थोडे दिवस लागतील मला," असं म्हणून त्या उरलेले कागद भिजवायला गेल्या. त्या दिवशी सहा लॉट होते. दुपारपर्यंत चार झाले.